कॉलेजात व्याख्यान किंवा मैफल ठेवायची आहे? तारखेपासून मानधनापर्यंत

कॉलेजातल्या कुठल्याही व्याख्यानाची कार्यक्रमपत्रिका घ्या आणि मिनिटं मोजा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, प्राचार्यांचं मनोगत, मग व्याख्यान, मग अध्यक्षीय समारोप, आभार, राष्ट्रगीत. दोन तासांच्या कार्यक्रमात, ज्यांच्यासाठी सगळे जमले त्या माणसाच्या वाट्याला पाऊण तास आला तर नशीब. तोपर्यंत मागच्या तीन रांगा मोबाईलमध्ये गेलेल्या असतात आणि पुढची रांग शिक्षकांची असते.

सांस्कृतिक विभागाचं काम नव्याने गळ्यात पडलेले प्राध्यापक आणि वाङ्मय मंडळाचे विद्यार्थी प्रतिनिधी यांच्यासाठी हा लेख आहे. यातलं जवळजवळ सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: कार्यक्रम व्यासपीठासाठी नाही, समोर बसलेल्यांसाठी करायचा. तसं ठरवलं की तारीख, खोली, माईक, परिचय यांचे निर्णय बरेच सोपे होतात.

आधी तारीख

आपल्याकडे कार्यक्रम बहुतेक वेळा दिनविशेषावर ठरतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. परिपत्रक येतं, दिवस साजरा करावाच लागतो. पण मराठीचा बरा वक्ता २७ फेब्रुवारीला मोकळा सापडणं जवळजवळ अशक्य. सापडलाच तर तो सकाळी एका कॉलेजात, दुपारी तुमच्याकडे आणि संध्याकाळी तिसरीकडे असतो, आणि तिन्ही ठिकाणी तेच भाषण देतो. परिपत्रकातला दिवस मुलांच्या काव्यवाचनाने किंवा ग्रंथप्रदर्शनाने साजरा करा. बाहेरचा पाहुणा डिसेंबरच्या मध्यात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बोलवा. तोही निवांत असतो, मुलंही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ फसवा आहे. परीक्षा लांब असते म्हणून तो रिकामा वाटतो, पण याच सुमारास विद्यापीठांचे युवक महोत्सव, गणपती आणि नाट्यस्पर्धा येतात. पुण्यात तर पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत कॉलेजातली निम्मी कलावंत मंडळी तालमीत आणि उरलेली ‘आव्वाज कुणाचा’ करायला भरत नाट्य मंदिरात असतात. १९६३पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेशी तुमच्या व्याख्यानाने टक्कर घेऊ नये.

दिवसाइतकीच वेळही महत्त्वाची. तालुक्याच्या कॉलेजात एसटीचं वेळापत्रक हेच खरं वेळापत्रक. चारची गाडी चुकली की पुढची सहाला, हे मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना पक्कं ठाऊक असतं. तेव्हा साडेतीनला संपणारा कार्यक्रम ठेवा. ‘कमवा आणि शिका’तली मुलं कामावर कधी जातात तेही विचारून घ्या, वाचणारी, प्रश्न विचारणारी बरीच मुलं त्यांच्यातच असतात.

पाहुणा शोधणं आणि पत्र

नाव मोठं हवं हा हट्ट सोडला की यादी एकदम लांब होते. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसामागे तीन महिने फिरण्यापेक्षा जिल्ह्यातला अभिलेखागार सांभाळणारा, तीस वर्षं पक्षी मोजणारा निवृत्त शिक्षक, जुन्या वाड्यांची मोजमापं काढणारी वास्तुविशारद अशी माणसं बघा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि त्यांना विचारणारं कोणी नसतं. वक्ते सुचवायला विद्यापीठाचा बहिःशाल विभागही (विद्यापीठाबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेणारा) उपयोगी पडतो. काही ठिकाणी त्याच विभागातर्फे कॉलेजांत व्याख्यानमाला चालतात आणि खर्चाचा काही भार हलका होतो. आपल्या विद्यापीठात काय सोय आहे ते जूनमध्येच विचारा, जानेवारीत नाही.

एकच व्याख्यान करण्यापेक्षा एका विषयावर तीन केलेली बरी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून आपल्या लोकांना मालेची सवय आहे. पहिल्या दिवशी चाळीस जण येतात, ते बाहेर जाऊन बोलतात, तिसऱ्या दिवशी सत्तर येतात.

पाहुण्याला पहिला फोन विद्यार्थ्याने केला तरी चालेल, पण लगेच मागोमाग लेखी निरोप गेला पाहिजे. त्यात काय असावं? असं काहीतरी:

“स. न. वि. वि. आमच्या मराठी वाङ्मय मंडळातर्फे गुरुवार, १८ डिसेंबर रोजी दुपारी १२ वाजता आपलं व्याख्यान व्हावं अशी इच्छा आहे. विषय: आपल्या तालुक्यातली बोली. समोर ऐंशीएक विद्यार्थी असतील. त्यातले निम्मे विज्ञान शाखेचे, बहुतेक आसपासच्या गावांतून येणारे. ५० मिनिटं व्याख्यान आणि २० मिनिटं प्रश्नोत्तरं अशी कल्पना आहे. मंचावर आपण, प्राचार्य आणि एक विद्यार्थिनी एवढेच असू. मानधन ३,००० रुपये आणि प्रवासखर्च देता येईल. आपल्याला घ्यायला गाडी येईल.”

यात समोर कोण बसणार आहे, किती वेळ बोलायचं आहे आणि पैसे किती मिळणार आहेत, या तिन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. आपल्याकडे तिसरी गोष्ट सांगायला जीभ अडखळते. मग कार्यक्रमाच्या शेवटी ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणत एक पाकीट हातात ठेवलं जातं आणि आत काय आहे ते पाहुण्याला घरी गेल्यावर कळतं. आकडा लहान असला तर लहान म्हणून सांगावा, पण आधी सांगावा. मानधन देताच येत नसेल तर तेही पहिल्याच फोनवर सांगा. अनेकजण तरीही येतात.

होकार आल्यावर विचारायच्या बारीकसारीक गोष्टी: जिना चढता येतो का, जेवणात काही पथ्य आहे का, स्लाइड दाखवायच्या आहेत का. स्लाइड असतील तर पीडीएफ आदल्या दिवशी मागवाच. जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेलं प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलं की पडद्यावर चौकोन आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि मग पहिली दहा मिनिटं संगणक विभागाचा माणूस शोधण्यात जातात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो, ही भानगड उरत नाही.

पैसे आणि परवानग्या

टिपण मंजूर होऊन अंदाजपत्रकावर सही झाल्याशिवाय पाहुण्याला पक्की तारीख देऊ नका. अंदाजपत्रकात मानधन, प्रवास, चहा-जेवण, ध्वनियंत्रणा आणि छपाई एवढं पुरे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह यांवर जो खर्च होतो तो मानधनात घाला, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत असतो. कोणत्याही वक्त्याच्या घरचं कपाट उघडून बघा, शालींचा ढीग आणि काचेतले दिवे. पुस्तक द्या, तेही त्यांच्या विषयाचं नसलेलं. स्वतःच्या विषयाची पुस्तकं त्यांच्याकडे असतातच.

मानधनाचा फॉर्म, पॅन क्रमांक आणि बँकेचा तपशील कार्यक्रमाच्या आधीच घेऊन ठेवा. रोख पाच हजारांवर देत असाल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. मानधनातून टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापला जाणार असेल तर पाहुण्याला सांगा, नाहीतर ‘ठरलं होतं एक आणि जमा झालं दुसरंच’ असा फोन येतो.

उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा असेल तर वेगळं गणित. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो फक्त बंदिस्त सभागृहासारख्या जागीच चालतो. त्यातही शिक्षणसंस्थांच्या आसपासचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो आणि तसा झाला असेल तर तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. म्हणजे पटांगणात गॅदरिंगचे मोठे स्पीकर लावणारं कॉलेज स्वतःच शांतता क्षेत्रात उभं असू शकतं. पोलीस ठाण्यात आधीच अर्ज द्या. आणि जमेल तर सभागृहातच करा.

खोली आणि आवाज

ऐंशी माणसं येणार असतील तर शंभर खुर्च्यांची खोली घ्या. पाचशेंच्या सभागृहात ऐंशी माणसं विखरून बसतात, वक्त्याला रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि त्याचा आवाज आपोआप खाली येतो. खोली लहान पडली, चार जण उभे राहिले, तरी बिघडत नाही. उलट बोलणाऱ्याला चेव येतो.

चांगल्या कार्यक्रमाचा खरा घात होतो तो आवाजात, आणि त्याकडे कोणी बघत नाही. फुलांची सजावट करायला सहा मुलं असतात, माईकपाशी एकही नसतं. एका विद्यार्थ्याला फक्त हेच काम द्या. त्याने पुढे दिलेल्या गोष्टी करायच्या.

आदल्या दिवशी पोडियमचा माईक लावून स्वतः बोलायचं आणि दुसऱ्याला शेवटच्या रांगेत बसवायचं. “हॅलो, हॅलो, माईक चेक, वन टू थ्री” म्हणून काही कळत नाही. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद नेहमीच्या आवाजात वाचा. शेवटच्या रांगेतल्याला ‘श’ आणि ‘स’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, माणसं बसली की तो शोषला जातो; त्यामुळे थोडं घुमलं तर घाबरू नका, कार्यक्रम सुरू झाल्यावर एकदा मागे जाऊन ऐका. स्पीकर माईकच्या पुढे हवेत, मागे नकोत. मागे असले की कुई वाजते आणि मग ऑपरेटर आवाज इतका कमी करतो की माईक असून नसल्यासारखा. कॉर्डलेसमध्ये नवे सेल घाला, दोन खिशात ठेवा. पंखा थेट माईकवर येत असेल तर तो बंद. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते माहीत असू द्या. आणि ऑपरेटर कार्यक्रम संपेपर्यंत जागेवर बसला पाहिजे. तो नेमका व्याख्यानाच्या मध्यावर चहाला जातो.

व्यासपीठ आवरतं घ्या

इथे खरी लढाई आहे, आणि ती गोडीगुलाबीने लढावी लागते. माझा हिशोब असा: स्वागत आणि प्रास्ताविक मिळून ५ मिनिटं, परिचय २, व्याख्यान ५०, प्रश्नोत्तरं २०, आभार २. ऐंशी मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. सत्कार मंचावर न करता आधी प्राचार्यांच्या कक्षात करा, फोटो तिथेच काढा. अहवालासाठी लागणारा जिओटॅग असलेला फोटो व्याख्यान सुरू झाल्यावर पहिल्या तीन मिनिटांत घ्या, आणि त्यानंतर फोटोग्राफरला बसवा.

प्राचार्यांचं मनोगत कसं टाळायचं? टाळू नका, पाहुण्यांचा परिचय त्यांनाच करून द्यायला सांगा. त्यांना बोलायला मिळतं, पाहुण्याचा मान राहतो आणि एक भाषण वाचतं. मजकूर मात्र तुम्ही लिहून द्या. जन्मगाव, पदव्या, पुरस्कार, ‘अशा या बहुआयामी व्यक्तिमत्त्वाने’ अशी दीड पानी यादी वाचली की पाहुणाही खाली मान घालतो. त्याऐवजी समजा असं लिहिलं:

“आजच्या पाहुण्या गेली तीस वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत फिरून भाज्यांची, मापांची आणि शिव्यांचीसुद्धा नावं गोळा करत आहेत. त्या नोंदींच्या वह्या त्यांनी आज सोबत आणल्या आहेत. तुमच्या गावचा एखादा शब्द त्यांच्याकडे नसेल तर शेवटी उठून सांगायचा.”

संपला परिचय. मुलं आता वह्या कधी उघडतात याची वाट बघतात.

सूत्रसंचालन करणाऱ्या विद्यार्थिनीला दोन भाषणांमध्ये चारोळ्या म्हणायची गरज नाही हे प्रेमाने सांगा. पाहुण्याच्या भाषणाचा सारांशही तिने सांगायचा नाही.

माणसं कशी येतात, प्रश्न कसे येतात

‘हजेरी घेतली जाईल’ या सूचनेने खुर्च्या भरतात, कान भरत नाहीत. वर्गाच्या वर्ग आणून बसवलेल्या मुलांची कुजबुज वक्त्याला पहिल्या मिनिटात कळते. त्यापेक्षा चार दिवस आधी विषयाशी जुळणारे तीन-चार शिक्षक गाठा आणि प्रत्येकाला तासाच्या शेवटी दोन वाक्यं बोलायला सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या रंगीत पोस्टरपेक्षा वर्गातल्या शिक्षकाने म्हटलेलं ‘मी जाणार आहे, तुम्हीही या’ जास्त चालतं. पोस्टरवर पाहुण्याचा फोटो मोठा आणि मंचावरच्या मान्यवरांची नावं छोटी. शक्य असेल तर नावं नकोच.

प्रश्नांसाठी दहाएक मुलांना आधीच एकत्र बसवा. पाहुण्याचा एखादा लेख किंवा मुलाखत वाचायला द्या आणि प्रत्येकाला एक प्रश्न लिहायला लावा. हे ठरवून दिलेले प्रश्न नव्हेत, मुलांचे स्वतःचेच असतात. फक्त पहिला हात वर करायची भीड मोडलेली असते. लाजणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या फिरवा. फिरता माईक एका स्वयंसेवकाच्या हातातच राहू द्या, प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती सोपवू नका. का, ते ‘प्रश्न नाही, मला थोडं माझं मत मांडायचंय’ म्हणणारे काका एकदा भेटले की कळतं. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा, शिक्षकांचे शेवटी, हा नियम प्रास्ताविकातच जाहीर करून टाका.

गाण्याची बैठक असेल तर

व्याख्यानाचं बरंच इथेही लागू आहे, पण गाण्याच्या मागण्या वेगळ्या असतात. आयआयटी दिल्लीच्या डॉ. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या स्पिक मॅके या शास्त्रीय कलांचा प्रसार करणाऱ्या संस्थेने कॉलेजांत एक चांगली पद्धत रुजवली: तिकीट नाही, आयोजन विद्यार्थ्यांचं, कलाकार गाता गाता समजावूनही सांगतो. नवख्या श्रोत्यांसाठी ही सप्रयोग व्याख्यानाची रीत उत्तम. नव्वद मिनिटांच्या पुढे जाऊ नका.

बजेट कमी असेल तर विद्यापीठांच्या कलाविभागांकडे बघा. पुण्यात १९८७ मध्ये सुरू झालेलं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी, छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा संगीत आणि नाट्यशास्त्र विभाग, अशा ठिकाणी तयार होणारे तरुण कलाकार तुमच्या मुलांच्याच वयाचे असतात. बावीस वर्षांच्या मुलीने खड्या आवाजात गण-गवळण म्हटली की श्रोत्यांना जे वाटतं ते नामवंतांच्या कार्यक्रमात वाटेलच असं नाही.

वेळेचा एक फायदा कॉलेजकडे आहे, तो कोणी घेत नाही. बाहेरच्या मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे भैरव, तोडी, जौनपुरी हे सकाळचे राग मुलांच्या कानावर समोरासमोर फारसे पडतच नाहीत. सकाळी सातची बैठक ठेवा. वसतिगृहातली मुलं येतात, रस्त्यावरची रहदारी सुरू व्हायची असते आणि कॉलेजचा पहिला तास सुरू व्हायच्या आत सगळं उरकतं.

मांडणी साधी. फूट-दीड फूट उंचीचा मंच, त्यावर गादी आणि स्वच्छ पांढरी चादर, समोर सतरंज्या, मागे ज्येष्ठांसाठी खुर्च्या. गायकाला एक माईक, तबला-डग्ग्याला दोन, हार्मोनियमला एक, तानपुऱ्याला एक, आणि कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून मंचावर एक मॉनिटर. ऑर्केस्ट्राची सवय असलेला ऑपरेटर आवाजात एको घालतो. तो बंद करायला लावा. वाद्यं जुळवायला कमीत कमी अर्धा तास द्या, तोही त्याच खोलीत. कोरड्या, गार हवेत आणलेल्या तबल्याचा स्वर हलतो, म्हणून एसी लावायचा असेल तर कलाकार येण्याआधीपासून लावून ठेवा, मध्येच बंद-चालू नको.

साथीदारांकडे फार दुर्लक्ष होतं. तबला आणि हार्मोनियम वाजवणाऱ्यांची नावं पोस्टरवर हवीत, परिचयात हवीत, मानधन त्यांच्या त्यांच्या नावाने हवं. मुख्य गायिकेला प्राचार्यांच्या कक्षात चहा आणि तबलजी बाहेर गाडीपाशी, असं दिसलं की तिचा मूड तिथेच उतरतो. चहा चालकालाही.

चित्रप्रदर्शनाला एवढा व्याप लागत नाही. चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर यावा, प्रकाश वरून तिरका पडावा, आणि चिकटपट्टी मूळ कागदावर लावू नये, मागच्या माउंटवर लावावी.

मुलांचं नाटक

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, आणि स्पर्धांचे आयोजक त्या संमतीपत्राचा क्रमांक मागतात. संहिता पक्की झाली की लगेच अर्ज करा. तालमी रंगात आल्यावर कोणालाच कागदपत्रं आठवत नाहीत. दुसऱ्या लेखकाची संहिता असेल तर लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतो. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांतर्गत विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण ती विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसांपुढे केलेल्या प्रयोगापुरतीच. तिकीट लावून गावाला बोलावलं, किंवा गॅदरिंग सगळ्यांना खुलं करून त्यात सिनेमाची गाणी वाजवली, की या सवलतीचा आधार घेता येत नाही आणि परवान्यांचा विचार करावा लागतो.

कार्यक्रम झाल्यावर

ध्वनिमुद्रण करायचं असेल आणि ते यूट्यूबवर टाकायचं असेल तर दोन्हींची लेखी संमती आधीच घ्या. मैफलीला तर नक्कीच, कारण सादरीकरणावर कलाकाराचा स्वतःचा हक्क असतो. काहीजण फक्त ऑडिओला हो म्हणतात, काहीजण प्रश्नोत्तरं वगळायला सांगतात. ते पाळायचं.

आभाराचं पत्र दोन दिवसांत जाऊ द्या. छापील मजकुरापेक्षा वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्यांवरचे प्रश्न त्यात टाईप करून पाठवा. उत्तरं बहुतेक वेळा येतात, आणि ती सूचनाफलकावर लावली की मुलं थांबून वाचतात.

अहवाल दोन पानांचा. त्याच्यासोबत एक वेगळी फाईल ठेवा, ती कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी नव्हे, पुढच्या वर्षीच्या प्रतिनिधीसाठी: कोणत्या पाहुण्याला किती दिवस आधी फोन केला, प्रत्यक्ष खर्च किती झाला, कोणता ध्वनिवाला वेळेवर आला, किती मुलं आली आणि त्यातली किती शेवटपर्यंत बसली. मानधन प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याची तारीखही तिथे लिहा. ती लिहायची वेळ येईपर्यंत लेखा विभागात दर आठवड्याला चक्कर मारा.